हा धक्का कुणाचा?

पनामाच्या जंगलात लाल डोळ्यांचा एक झाडबेडूक आहे. त्याची मादी अंडी पाण्यात घालत नाही, डबक्यावर झुकलेल्या पानावर घालते, पारदर्शक चिकट गोळा असतो तो आणि आत काळे ठिपके. सहा-सात दिवस झाले की पिल्लं अंड्यातून सुटून टपाटप खाली पाण्यात पडतात. पण मधेच साप आला आणि त्यानं गोळ्यात तोंड घातलं तर चार-पाच दिवसांची अर्धीकच्ची पिल्लंसुद्धा काही सेकंदांत अंडं फोडून खाली उडी टाकतात. पाण्यात मासे असतात, कोळंबी असते, तिथं लवकर पडणं धोक्याचंच, पण सापाच्या तोंडापेक्षा बरं. करेन वॉर्केंटिन या बाईंनी हे १९९५ मध्ये मांडलं आणि नंतर कित्येक वर्षं त्याच बेडकामागे लागल्या.

मला त्यांचा पुढचा प्रश्न जास्त आवडतो. त्या जंगलात पाऊसही आपल्या घाटासारखाच बेफाम पडतो, पान हलतं, अंड्यांचा गोळा थडथडतो, मग पिल्लं पावसात उड्या का नाही मारत? त्यांनी सापाच्या हल्ल्याची थरथर रेकॉर्ड केली, पावसाची रेकॉर्ड केली, आणि दोन्ही यंत्रानं परत अंड्यांना देऊन बघितली. सापाची दिल्यावर पिल्लं जास्त फुटली, पावसाची दिल्यावर कमी. एका हिसक्यावरून पिल्लांना काही कळत नव्हतं, हिसका किती वेळ टिकतो आणि दोन हिसक्यांत किती अंतर पडतं हे ती जोखत होती. म्हणजे ज्यानं अजून जग बघितलेलं नाही, कान धड तयार नाहीत, त्या जिवाला "हलतंय" एवढं पुरत नाही, "कोण हलवतंय" ते लागतं.

हे वाचलं तेव्हापासून मी भूकंप या विषयाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आणि भूकंप आमच्या घरचाच विषय आहे, कारण मी पाटणची.

कोयनेच्या पट्ट्यात जे वाढलेत त्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे धक्का बसला की आधी कुणी ओरडत नाही, आधी सगळे गप्प होऊन अंदाज घेतात. जमिनीतून गुर्र असा आवाज येतो, ट्रक लांबून येतोय असं वाटतं, मग भांडी वाजतात, पत्रा वाजतो, आणि संपतं. मग चर्चा. "तीनचा असंल." "छ्या, तीनचा कसला, साडेतीन तरी." संध्याकाळी बातमी आली की बहुतेक वेळा अंदाज जवळपास निघतो. मी लहान असताना पाहुणे आले की घाबरून अंगणात पळायचे आणि आजी चुलीपुढून न उठता म्हणायची, "आरं बसा की, हाललं आन् गेलं." तीच आजी ११ डिसेंबर १९६७ बद्दल मात्र कधी सरळ बोलली नाही. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला, कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं. आजीचं एवढंच, की त्या दिवशीचा आवाज वेगळा होता.

हे जे आधी आवाज आणि मग धक्का, त्यामागं साधं कारण आहे. भूकंपात जमिनीतून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली पी वेव्ह, ही खडकाला पुढेमागे दाबत सुटते, सेकंदाला पाच-सहा किलोमीटर. दुसरी एस वेव्ह, ही आडवी हलवते, हिचा वेग जेमतेम त्याच्या पाऊणपट सुद्धा नाही, पण नुकसान मुख्यतः ही आणि हिच्यामागून पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा करतात. पी वेव्ह जमिनीतून हवेत शिरते तेव्हा तिचाच तो गुर्र आवाज होतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला ते मोजून आपण अंतर काढतो ना, तसंच इथंही होतं, दोन लाटांमधल्या सेकंदांना साधारण ८ नं गुणलं की भूकंपापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. कोयनेत आवाज आणि हिसका जवळजवळ एकदमच येतात कारण भूकंपच पायाखाली असतो, बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीचे.

आणि गंमत अशी की या दोन लाटा नोंदींमध्ये वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या त्या भारतातल्या भूकंपामुळे. १२ जून १८९७ ला आसाममध्ये प्रचंड भूकंप झाला, रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम तेव्हा जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात होते, त्यांनी त्या भूकंपाच्या लांबलांबच्या देशांतल्या नोंदी जमवल्या आणि एकाच भूकंपाच्या लाटा तीन वेगळ्या टोळ्यांनी पोचतात हे दाखवलं. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच सांगितलं की पृथ्वीला आत एक वेगळा गाभा आहे, कारण खोलवरून जाणाऱ्या लाटा उशिरा पोचतात. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या गाभ्यातही आणखी एक गाभा शोधला. न्यूझीलंडजवळच्या भूकंपाच्या अगदी बारीक लाटा, ज्या तिथं पोचायलाच नको होत्या, त्या बघून. तिथपर्यंत कुणी गेलेलं नाही, जाणारही नाही, तरी आपल्याला आतलं माहीत आहे कारण कुणीतरी कागदावरच्या वळवळीकडे बघून विचारलं, ही कुठून आली?

परत प्राण्यांकडे येते, कारण हे "कुठून" ओळखण्यात ते आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. अमेरिकेत मोहावे वाळवंटात एक विंचू आहे. रात्री बिळातून निघतो आणि वाळूवर आठ पाय पसरून नुसता उभा राहतो. हातभर अंतरावर वाळूत एखादा किडा हलला की विंचू वळतो आणि थेट त्याच्यावर जातो, अंधारात, न बघता. फिलिप ब्राऊनेल यांनी सत्तरच्या दशकात प्रयोग करून दाखवलं की त्याच्या पायांत बारीक चिरा असतात, त्या वाळूतली लाट पकडतात. आठ पाय मिळून जेमतेम पाच सेंटीमीटरचं वर्तुळ, त्यात लाट आधी कुठल्या पायाला लागली आणि नंतर कुठल्या, यावरून दिशा. फरक मिलिसेकंदाचा, आणि विंचवाला त्याचा पाचवा हिस्सा एवढा फरकही कळतो. वाळूत लाट हळू जाते म्हणून हे जमतं. एका पायानं जमलं नसतं, एका पायाला फक्त "काहीतरी आलं" एवढंच कळतं.

हत्तीचं तर विचारू नका. हत्ती २० हर्ट्झच्या आसपास घुमतात, आपल्याला त्यातला बराचसा भाग ऐकूच येत नाही, आणि तो आवाज हवेतून जातो तसा जमिनीतूनही जातो, किलोमीटरच्या हिशोबात. केटलिन ओ'कॉनेल या नामिबियात एटोशाच्या पाणवठ्यावर वर्षानुवर्षं बसून हत्ती बघायच्या, तेव्हा त्यांना दिसलं की दुसरा कळप येण्याआधी हत्ती एकदम स्तब्ध होतात, पुढच्या पायांवर भार देतात, कधी एक पाय उचलून नुसता टेकवल्यासारखा धरतात, कधी सोंड जमिनीला लावतात. पायात चरबीची जाड गादी असते, त्वचेत थरथर ओळखणारे बिंदू असतात, आणि हाडांतून ती थेट कानाच्या आतपर्यंत जाते. मग त्यांनी नुसत्या जमिनीतून धोक्याची हाक वाजवून बघितली. ओळखीच्या कळपाची हाक असली की हत्ती सावध होऊन एकत्र गोळा व्हायचे, केनियातल्या अनोळखी हत्तींची लावली तर फारसं मनावर घेत नव्हते. म्हणजे पुन्हा तेच. हाक कळली, पण कुणाची हेही कळलं.

आपल्याकडे तिलारीच्या खोऱ्यात, दोडामार्ग-चंदगडकडे हत्ती वीसेक वर्षांपासून येतात. त्यांच्यावर आपण लिहितो ते नुकसानभरपाईचं, पंचनाम्याचं, आणि ते लिहायलाच पाहिजे, सुपारी-केळीची बाग एका रात्रीत जाते तेव्हा माणूस काय करणार. पण त्या हत्तींच्या पायाखाली जेसीबी, खाणीचे सुरुंग, डंपर यांची सतत थरथर आहे आणि त्यांना आपल्या माणसांची, म्हणजे त्यांच्या हत्तींची, हाक त्यातून वेगळी काढायची आहे, हे मला कुठल्याच चर्चेत दिसत नाही. केनियात २०१८ मध्ये जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर पकडणारी यंत्रं, पुरून संशोधकांनी हत्तीची हाक आणि हत्तीचं पळणं दोन्ही जमिनीतून ओळखून दाखवलं. दोडामार्गात असं काही बसवलं तर हत्ती कुठं आहे हे बागवाल्याला आधी कळेल का, हा विचार कुणीतरी गांभीर्यानं करावा असं मला मनापासून वाटतं.

आता तो एक प्रश्न, जो भूकंप म्हटलं की येतोच. प्राण्यांना भूकंप आधी कळतो का? चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगला ७.३ चा भूकंप झाला, आधी शहर रिकामं करायला लावलं होतं, ऐन थंडीत बिळातून बाहेर आलेल्या सापांची गोष्ट तिथलीच. पण तिथं आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती आणि मुख्य इशारा तो होता. पुढच्याच वर्षी २८ जुलैला तांगशानला असा काही इशारा मिळाला नाही आणि सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. कुत्रं भुंकलं आणि मग भूकंप झाला हे लक्षात राहतं, कुत्रं भुंकलं आणि काहीच झालं नाही अशा हजार रात्री कोण लिहून ठेवतो? माझं मत असं की प्राण्यांना पी वेव्ह आपल्याआधी कळते, काही सेकंद आधी, आणि तेवढं खरं मानायला काहीच हरकत नाही. दिवस-दिवस आधी कळतं असं म्हणायला आज हातात पुरेसं नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या माणसांवर घरं पडली. त्यांना कुत्र्यामांजरांपेक्षा हलक्या छपराची आणि नीट बांधलेल्या भिंतीची गरज होती. किल्लारीत आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के जाणवत होते, लोक सांगत होते. ते धक्के कुणाचे, हे कुणी वेळेत ओळखलं नाही.

कोयनेत निदान ओळखायचा प्रयत्न तरी सुरू आहे, आणि खूप चिकाटीनं. १९६२ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, धक्के वाढले, मग ६७. तेव्हापासून त्याच साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या तुकड्यात धक्के चालूच आहेत, पाचच्या वरचेच वीसहून जास्त झालेत. पावसाळ्यात धरणाचा शिवसागर जलाशय भरला की वाढतात, डिसेंबरच्या सुमाराला पाणी उतरताना परत वाढतात. धरणाच्या पाण्याच्या ओझ्यानं भूकंप होतो असं गावात म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. खडकात ताण आधीपासूनचा आहे, पाणी भेगांमधून खोल जातं, तिथला दाब वाढवतं, एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या खडकांची पकड सैल होते आणि जे कधीतरी होणारच होतं ते आधी होतं. हे नीट समजावं म्हणून गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे. वरचा एक-सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, त्याखाली कोट्यवधी नाही तर अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटसारखा खडक. आमच्या भांड्यांचा आवाज तिथून निघतो.

आणि मग चंद्र. इथं मला थोडं रेंगाळायचंय कारण तिथं सगळंच उलटं आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या लोकांनी सिस्मोमीटर, म्हणजे भूकंपमापक, ठेवला आणि त्यात पहिल्या नोंदी आल्या त्या त्यांच्याच चालण्याच्या. नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ च्या मंडळींनी काम झाल्यावर आपलं रिकामं यान मुद्दाम चंद्रावर आपटवलं, आणि चंद्र जवळजवळ तासभर थरथरत राहिला. पृथ्वीवर एवढ्या धक्क्याची थरथर काही मिनिटांत विरली असती, कारण इथल्या खडकात पाणी आहे, ते ऊर्जा शोषून घेतं. चंद्राचा वरचा थर कोरडा ठणठणीत आणि उल्कांनी फोडून काढलेला, लाट आत इकडून तिकडे आपटत राहते पण मरत नाही. त्यामुळे आवाज ऐकू यायला सोपा पण कुठून आला ते सांगायला भयंकर अवघड, पी कुठं संपली एस कुठं लागली काही सुधरत नाही.

तरी चार ठिकाणी यंत्रं होती म्हणून बरंच कळलं. चंद्रावर ७०० ते १२०० किलोमीटर खोल बारीक भूकंप होतात, त्यांच्या ठराविक जागा आहेत, आणि पृथ्वीच्या ओढीबरोबर ते दर महिन्याला त्याच जागी परत होतात, इतके सारखे की आलेख एकमेकांवर ठेवले तर जुळतात. ३० सप्टेंबर १९७७ ला खर्च परवडत नाही म्हणून ती यंत्रं बंद केली. मला याचं फार वाईट वाटतं. यंत्रं चालू होती हो! आणि त्याच जुन्या नोंदी नव्या पद्धतीनं परत तपासून २०११ मध्ये चंद्राच्या गाभ्याचा पुरावा निघाला, म्हणजे उत्तर तिशी ओलांडून फायलीत पडून होतं.

आपलं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं तेव्हा सगळ्यांनी तो क्षण टीव्हीवर बघितला, पण त्याच्या पोटातलं इल्सा नावाचं छोटं भूकंपमापक फार थोड्यांच्या लक्षात आहे. त्यानं चंद्राच्या एका दिवसात अडीचशेहून जास्त थरथरी पकडल्या. त्यातल्या दोनशेच्या आसपास आपल्याच, प्रज्ञान रोव्हर चालला, कुठलंतरी यंत्र हललं. उरल्या पन्नासेक, त्यांचा आपल्या कुठल्याच कामाशी मेळ बसला नाही. त्यात २६ ऑगस्टची एक जरा ठळक, नैसर्गिक वाटणारी. ती चंद्राची स्वतःची होती, उल्केची होती की तापण्या-गारठण्यानं खडक कडकडला, हे एकट्या यंत्राला ठामपणे सांगता येत नाही. विंचवाचा एकच पाय तिथं होता.

मंगळावरही एकच होता. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांवर भूकंपमापक होते, एकाचं कुलूप उघडलंच नाही आणि दुसरं यानाच्या पाठीवर बसवलेलं असल्यानं बहुतेक वाराच ऐकत राहिलं. म्हणून २०१८ मध्ये इनसाइट गेलं तेव्हा यानाच्या यांत्रिक हातानं यंत्र उचलून जमिनीवर ठेवलं, वर घुमटासारखं झाकण घातलं. तरी दिवसा वारा, रात्री थंडी, यानाचे स्वतःचे कुरकुर आवाज. संध्याकाळी वारा पडला की मंगळ ऐकू यायचा. ६ एप्रिल २०१९ ला पहिला खरा मंगळकंप, आणि बंद पडेपर्यंत तेराशेहून जास्त. एकाच यंत्रानं काम कसं भागवलं? ते वर-खाली, पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर अशा तिन्ही दिशांची हालचाल वेगळी मोजायचं, पी वेव्ह कुठून ढकलते त्यावरून दिशा आणि एस किती मागून आली त्यावरून अंतर. मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या आधी साधारण १८३० किलोमीटर निघाली, २०२३ मध्ये ती सुधारून १६५० ते १६७५ च्या आसपास आली, आणि गाभा बराचसा वितळलेला आहे हेही याच यंत्रावरून निघालं.

त्यातले दोन धक्के मला फार आवडतात. २४ डिसेंबर २०२१ चा चारच्या आसपासचा धक्का, नंतर वरून फिरणाऱ्या यानाच्या फोटोत दीडशे मीटरचा नवा खड्डा दिसला, बर्फाचे ढेकळं बाहेर उडालेले, म्हणजे ती उल्का. आणि ४ मे २०२२ चा ४.७ चा, सगळ्यात मोठा. त्याचाही खड्डा असणार म्हणून मंगळाभोवती यानं पाठवलेल्या संस्थांना विचारलं, त्यात आपली इस्रोही होती, सगळ्यांनी फोटो धुंडाळले. खड्डा मिळाला नाही. म्हणजे तो मंगळाचा स्वतःचा.

वारा पडला की मंगळ ऐकू यायचा, तसंच एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या वेळी, पृथ्वीवर झालं होतं. गाड्या, रेल्वे, कारखाने थांबले आणि जगभरातल्या भूकंपमापकांवर माणसांची घरघर काही ठिकाणी निम्म्यानं उतरली. तोवर दिवसा दबून जाणारे बारीक भूकंप दिसायला लागले. त्या अभ्यासात मोठ्या वेधशाळांबरोबर लोकांच्या घरांत, शाळांत ठेवलेली रास्पबेरी शेकसारखी स्वस्त यंत्रंही होती, छोट्या डब्याएवढी.

हे सांगायचं कारण हिंगोली. औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटरचे दोन हात, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशात उठलेली लाट पकडायला. जागा निवडताना बघितलेल्या मुख्य गोष्टींपैकी एक म्हणजे जमीन शांत हवी. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली लाट पकडली तेव्हा दोन्हींत सुमारे ७ मिलिसेकंदांचा फरक होता. ३००० किलोमीटर लांब दोन पाय, लाट आधी कुठं लागली त्यावरून दिशा. पाय जितके जास्त आणि लांब तितकी दिशा नेमकी, म्हणून हिंगोलीचा पाय हवाय. आणि त्याच जिल्ह्यात वसमतकडे, पांगरा शिंदे परिसरात लोक वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात म्हणून सांगतायत, पेपरात दर वेळी "गूढ आवाज" अशी बातमी येते आणि दोन दिवसांत विरते. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला. जुलैमध्ये परत.

माझं म्हणणं आहे की त्या गावांतल्या शाळांमध्ये ती छोटी यंत्रं बसवावीत. पाटणलाही, आणि डहाणू-तलासरीकडे जिथं २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या लोकांनी रात्री घराबाहेर ताडपत्रीखाली काढल्या. एका गावात एक ठेवून उपयोग नाही, शेजारच्या चार गावांत चार हवीत म्हणजे धक्का कुठून आला हे मुलांना स्वतः काढता येईल. सुरुवातीला त्यांना एसटी दिसेल, गिरणी दिसेल, विहिरीचा सुरुंग दिसेल, मधली सुट्टी दिसेल. ती सगळी नावं लिहून झाली की जी वळवळ उरेल तिच्यासाठी जिल्ह्याला फोन करायचा, वेळ, अंतर आणि दिशा सांगून.